शेवाळाची फाइल

काकांच्या तोंडचं मी ऐकलेलं पहिलं वाक्य मला उद्देशून नव्हतं. द्वारकेतल्या एका सोसायटीत, तिसऱ्या मजल्यावर, मी खोली बघायला गेले होते. दार काकूंनी उघडलं. आत एक उंच, सडपातळ गृहस्थ, वर बंडी आणि खाली कडक इस्त्रीची पँट अशा वेशात, काचेच्या पेटीसमोर स्टुलावर बसले होते. हातात रबरी नळी होती. ते म्हणत होते, "बडे बाबू, जरा बाजूला व्हा, पाइप येतोय."

पेटीतलं पाणी गोलगप्प्याच्या पाण्यासारखं हिरवं होतं. त्यामुळे बडे बाबू कोण आणि ते बाजूला झाले की नाही, हे मला दिसलं नाही. काकांनाही दिसत नसावं. पण त्यांनी सभ्यपणे थोडी वाट पाहिली आणि मगच नळी पाण्यात सोडली.

"सरकारी नोकरीत होते," काकू मला म्हणाल्या. तेवढं स्पष्टीकरण त्यांना पुरेसं वाटलं. पुढे मलाही वाटायला लागलं.

मी हिंगोलीची. करोल बागेत क्लास लावून मोठ्या साहेबांच्या परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या हजारोंपैकी एक. क्लासच्या गल्लीत भिंतीभिंतीवर यशस्वी उमेदवारांचे हात बांधून उभे असलेले फोटो होते. एकच मुलगा तीन वेगवेगळ्या क्लासच्या फलकांवर हसत होता, आणि तिन्ही ठिकाणी तो फक्त त्यांचाच विद्यार्थी होता. त्या गल्लीतल्या खिडकीविना खोलीला कंटाळून मी मेट्रोच्या दुसऱ्या टोकाला खोली शोधत होते. बाबांच्या शाळेतल्या एका शिक्षकांच्या ओळखीने हा पत्ता मिळाला. काका-काकू मूळचे भंडाऱ्याकडचे. पस्तीस वर्षं दिल्लीत काढलेली. बैठकीत बाबासाहेबांची तसबीर, तिच्याखाली बुद्धमूर्ती, आणि समोरच्या खिडकीत ही हिरवी पेटी.

पेटी काकांनी हौसेने आणलेली नव्हती. निरोप समारंभात मिळाली होती. सरकारी निरोप समारंभात माणसाला एकतर घड्याळ देतात किंवा सूटकेस. म्हणजे एकतर आता तुमच्याकडे वेळ आहे, किंवा आता निघा. काकांच्या विभागातल्या कुणा कल्पक माणसाने मासे सुचवले. वरिष्ठांनी अर्धा तास भाषण केलं आणि त्यात काकांचं नाव दोनदा चुकवलं. मग टाळ्यांच्या गजरात, पाण्याने भरलेली दोन फुटी टाकी कुणालाच उचलता येत नाही हे सगळ्यांच्या लक्षात आलं. ती रिकामी करून घरी पोचवण्यात बरेचसे मासे गेले. त्या पहिल्या तुकडीतला एकच वाचला. तळाशी राहणारा, मिशाळ, तपकिरी. काकांनी त्याला बडे बाबू म्हणायला सुरुवात केली. ऑफिसात असा एक हेड क्लार्क असतोच. तो कधी वर येत नाही, कुणाला दिसत नाही, आणि तो रजेवर गेला की अख्खा विभाग बुडतो.

"आता मला रिपोर्ट करणारा हा एवढाच," काका एकदा म्हणाले. ते विनोद करत होते. पण विनोद करून झाल्यावर ते हसले नाहीत.

*

शेवाळाचा बंदोबस्त करायला काकांनी फाइल उघडली होती. मी हे शब्दशः सांगते आहे. जाड पुठ्ठ्याची, पांढऱ्या नाडीची फाइल. वर वळणदार अक्षरात विषय: 'काचपेटीतील शेवाळाचे नियंत्रण'. डावीकडे टिपणं, उजवीकडे पत्रव्यवहार. पत्रव्यवहारात पंपाबरोबर आलेला कागद होता, माशांच्या खाण्याच्या डब्याचं कापून घेतलेलं लेबल होतं, आणि काकूंची एक चिठ्ठी होती: 'स्वयंपाकघरातला प्लग मिक्सरसाठी आहे. तिथे काहीही लावू नये.' तिच्यावर काकांनी 'पाहिले, पालन व्हावे' असा शेरा मारून सही केली होती.

नोकरीत असताना ते इंग्रजीत लिहीत, आणि वर्षातून एकदा हिंदी पंधरवड्यात हिंदीत. निवृत्तीनंतर मराठीत लिहायचं त्यांनी ठरवलं होतं. पण मराठी सरकारी भाषा त्यांना कुणी शिकवलेली नव्हती. त्यामुळे ती फाइल सरकारी असूनही समजत असे.

फाइलचा नियम असा. आधी निळ्या शाईने प्रस्ताव. त्या दिवशी त्याच्यावर काहीही नाही. दुसऱ्या दिवशी, चहा झाल्यावर, हिरव्या शाईने मंजुरी किंवा नामंजुरी. मंजुरी मिळाली तर तो एकच बदल करायचा आणि चौदा दिवस दुसऱ्या कशाला हात लावायचा नाही.

"काका, प्रस्ताव ठेवणारे तुम्ही आणि मंजूर करणारेही तुम्हीच ना?"

"अरे, नाही. प्रस्ताव कालच्या माणसाचा आहे. त्याच्यावर आजच्याने विश्वास का ठेवावा?"

"पण चौदा दिवस कशाला?"

"दोन बदल एकदम केले आणि पाणी निवळलं, तर कशाने निवळलं सांगशील?"

"निवळलं ना, बस झालं."

"बिल्कुल नाही. मग पुन्हा हिरवं झालं की पुन्हा दोन्ही करत बसशील, तिसरं एक वरून."

मला तेव्हा हे फार गमतीचं वाटलं. क्लासमधल्या मैत्रिणींना मी मेट्रोत काकांच्या टिपणांच्या नकला करून दाखवायची. शासन इतकं सावकाश का चालतं यावर निबंध लिहायचा सराव आम्ही करत होतो, आणि माझ्याकडे घरचंच उदाहरण होतं.

पहिला प्रस्ताव होता पेटी खिडकीतून चार फूट आत घ्यायची. खिडकी पश्चिमेची, दुपारी तिच्यातून दिल्लीचं ऊन सरळ पाण्यात उतरत असे. मंजुरी, अंमल, चौदा दिवस. दुसरा प्रस्ताव, पेटीवरचा दिवा दहा तासांऐवजी सहा तास. चौदा दिवस. तिसरा, खाणं दिवसातून एकदाच, आणि तेही दोन मिनिटांत संपेल एवढं. यावर काकूंची हरकत नोंदवलेली आहे. 'मुक्या जिवांना उपाशी ठेवणे बरे नाही.' काकांचं उत्तर: 'उरलेले अन्न मासे खात नाहीत, शेवाळ खाते. सध्या आपण शेवाळ पाळत आहोत.' चौथा प्रस्ताव, काकूंच्या मनी प्लांटच्या फांद्या टाकीच्या कडेला अडकवून मुळं पाण्यात सोडायची, म्हणजे शेवाळाचा खुराक ती ओढून घेतील. इथे मात्र काकूंनी स्वतःच खाली सही केली होती. झाड त्यांचं होतं.

अडीच महिन्यांनी एका रविवारी सकाळी मी चहाचा कप घेऊन बैठकीत आले आणि मला पेटीच्या पलीकडची भिंत दिसली. पाणी आधी कधीतरी चहाच्या रंगाचं झालं होतं, मग फिकट. आता ते नुसतं पाणी होतं. तळाला अंगठ्याएवढा एक मिशाळ मासा वाळू हुंगत चालला होता.

"हे बडे बाबू," काका म्हणाले. ते उठून उभे राहिले होते. ओळख करून देताना ते नेहमीच उभे राहत.

"शेवाळ बाहेरून येत नाही," हे त्यांचं आवडतं वाक्य. "आपण जास्तीचं देतो, त्याचं ते होतं. जास्तीचा उजेड, जास्तीचं खाणं, जास्तीची हौस." दर शनिवारी ते पुढच्या काचेवरचा हिरवा थर मुदत संपलेल्या मेट्रो कार्डाने खरवडून काढत. "हे कार्ड आता मला कुठेच आत सोडत नाही," ते म्हणत, "पण इथे कामाचं आहे." मागची काच मात्र ते कधीच पुसत नसत. तिच्यावर मखमलीसारखा हिरवा थर होता, आणि काकांनी नंतर आणलेले छोटे गप्पी मासे दिवसभर तो टोचत असत.

"ती का ठेवली?"

"पुढची काच आपल्यासाठी. मागची त्यांची."

सातव्या मजल्यावर एक फार मोठे निवृत्त साहेब राहत. त्यांच्या दारावर पितळी पाटी होती. तिच्यावर पद मोठ्या अक्षरात होतं आणि 'भूतपूर्व' इतक्या लहान अक्षरात, की ते वाचायला चष्मा काढून जवळ जावं लागे. त्यांच्याकडे भिंतभर मत्स्यालय होतं. निळे दिवे, बुडालेलं प्लास्टिकचं जहाज, आणि दर आठवड्याला सगळं धुऊन काढणारी एका कंपनीची माणसं. साहेब एकदा काकांकडे सोसायटीच्या कुठल्याशा कागदावर सही घ्यायला आले, मागची काच पाहून थबकले आणि म्हणाले, "इसे एक बार में पूरा खाली करवा दीजिए. मैं नंबर दे देता हूँ."

काका हात पाठीमागे बांधून उभे होते. निवृत्त होऊन वर्षं झाली होती, पण पाठीचा कणा अजून नोकरीतच होता. "जी सर," ते म्हणाले. साहेब गेल्यावर मला म्हणाले, "त्यांचं पाणी आपल्यापेक्षा स्वच्छ आहे, हे मान्य केलं पाहिजे. फक्त दर महिन्याला नवी भरती करावी लागते."

*

आता माझ्या चुकीबद्दल.

त्या वर्षी अशोक विजयादशमीला काका-काकू दीक्षाभूमीवर जायला नागपूरला निघाले. जाताना काकूंनी मला सांगितलं, "माझी भाची दिल्लीला यायचं म्हणतेय शिकायला. परत आलो की खोलीचं बघू." आवाजात काही वाईट नव्हतं, पण 'बघू' हा शब्द मी हिंगोलीपासून ओळखते. काकांनी फाइल माझ्या हातात दिली. पाच दिवसांच्या लेखी सूचना होत्या. खाणं चिमूटभर. दिवा सहा तास. बाकी कशालाही हात लावू नये. 'कशालाही'च्या खाली दोन रेघा.

दुसऱ्या दिवशी दुपारी निकाल लागला. निकालाच्या यादीत आपला नंबर शोधायची एक पद्धत असते. आधी शोधायच्या चौकटीत टाकायचा. मग, यंत्राचा भरवसा नाही म्हणून, डोळ्यांनी वरपासून खालपर्यंत बघायचं. मग आपल्या नंबराच्या आधीचा आणि नंतरचा नंबर सापडतो. मला दोन्ही सापडले. मधला नव्हता. तिसरी वेळ होती.

मी रडले वगैरे नाही. मी उठले आणि टाकी साफ केली.

का, ते मला नीट सांगता येणार नाही. इतकंच आठवतं, की एखादी तरी गोष्ट त्याच दिवशी, माझ्या हाताने, चकाचक झालेली मला बघायची होती. मी मासे बादलीत काढले. मागची काच घासली. दगड ब्रशने घासले. वाळू धुतली. पंपाला लावलेला स्पंज तपकिरी गाळाने भरला होता, तो सिंकमध्ये नळाखाली धरून, पिळून पिळून, नव्यासारखा पिवळा केला. काकांनी बाथरूममध्ये पाणी बदलण्यासाठी दोन बादल्या शिळं पाणी भरून ठेवलं होतं, ते बादल्या हव्या म्हणून सांडून टाकलं. मग नळाच्या ताज्या पाण्याने पेटी काठोकाठ भरली आणि मासे परत सोडले. संध्याकाळपर्यंत टाकी सातव्या मजल्यावरच्यासारखी दिसत होती. इतक्या दिवसांत मला पहिल्यांदा शांत झोप लागली.

सकाळी पाणी दुधाळ झालं होतं. दोन गप्पी तरंगत होते. बाकीचे पृष्ठभागाशी तोंडं उघडून ताटकळत होते. आणि बडे बाबू, जे कधी वर येत नाहीत, ते वर होते.

मी नागपूरला फोन लावला. मागे लाउडस्पीकर आणि माणसांचा समुद्र ऐकू येत होता.

"काका, जय भीम."

"जय भीम. बोल."

"टाकी... मी टाकी साफ केली."

ते गर्दीतून बाजूला झाले असावेत, मागचा आवाज लांब गेला. मग म्हणाले, "बडे बाबू कुठे आहेत?"

"वर."

"वर म्हणजे?"

"पाण्याबाहेर तोंड काढून."

"अच्छा. पेन घे." आवाज चढला नव्हता. उलट ऑफिसात असावा तसा सपाट झाला होता. "काय केलंस ते लिही. क्रमाने. एकही गाळू नकोस. का केलंस ते नको लिहू."

"काका, त्याचं असं झालं की..."

"ते नको म्हटलं ना. तुझा नंबर माझ्या डायरीत आहे. यादी मीपण पाहिली. दोनदा."

मी लिहिलं. वाचून दाखवलं. वाचताना प्रत्येक ओळ आदल्या दिवसापेक्षा जास्त मूर्ख वाटत होती.

"स्पंज नळाखाली धुतला. हां. हे मुख्य आहे," काका म्हणाले. "तो गाळ म्हणजे घाण नव्हे, पोरी. त्यात डोळ्यांना न दिसणारे जीव असतात. माशांच्या घाणीचं विष तेच खातात. नळाच्या पाण्यातलं औषध असल्या जिवांना मारायलाच असतं. त्यात नळाची चूक नाही. आता दिवा बंद. खाणं बंद. पंप पूर्ण उघड. कपाटात क्लोरीन मारायच्या औषधाची बाटली आहे, बादलीला चार थेंब. रोज पाव टाकी पाणी बदल. पावच. आणि कुठून तरी मैल आण."

"मैल?"

"चालू टाकीतला गाळ. जुना स्पंज, दगड, काहीही. तो टाकल्याशिवाय बडे बाबू टिकायचे नाहीत."

"तुम्ही याल?"

"तिकीट सोमवारचं आहे. मी आलो म्हणून पाणी निवळत नसतं. तू आहेस ना तिथे."

मी सातव्या मजल्यावर गेले. मोठी टाकी, म्हणजे मोठा गाळ, असा माझा हिशेब. साहेबांनी स्वतः दार उघडलं. माझं म्हणणं त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर जे दुःख आलं ते खरं होतं.

"गंदगी?" ते म्हणाले. "बेटा, हमारे यहाँ गंदगी नहीं मिलेगी."

आणि खरंच नव्हती. स्पंज परवाच बदलला होता. जहाजाजवळ एक सोनेरी मासा तिरका होऊन विश्रांती घेत होता.

मी जिन्यावरूनच काकांना पुन्हा फोन केला. ते त्या परिस्थितीतही हसले. "तिथे कुठे गेलीस! गेटवरच्या प्रेसवालीकडे जा. माझं नाव सांग."

गेटबाहेर कडुनिंबाखाली कोळशाच्या इस्त्रीने कपडे प्रेस करणारी एक बाई बसत असे. सोसायटीतला प्रत्येक शर्ट तिच्या हाताखालून जाई, त्यामुळे कोण चढतंय आणि कोण उतरतंय हे तिला पितळी पाट्यांपेक्षा आधी कळत असे. तिच्या टेबलामागे विटांवर कुणीतरी काढून टाकलेलं चिनी मातीचं वॉशबेसिन होतं. त्यात पाणी, आणि पाण्यात गप्पी. डासांच्या अळ्या खायला काकांनीच तिला दिलेले, सोबत स्पंजाचा एक तुकडा आणि चार दगड. मी आत वाकून पाहिलं. कडेने हिरवं शेवाळ, तळाला तपकिरी साय, आणि त्यात मोजता येणार नाहीत इतकी पिल्लं.

मी सगळं सांगितलं. तिने इस्त्री बाजूला ठेवली.

"आपने सब धो दिया?"

"हाँ."

"साबुन से?"

"नहीं, नहीं. साबुन नहीं."

"चलो, इतनी अकल तो थी." तिने बाही वर सारून हात पाण्यात घातला, स्पंजाचा तुकडा आणि तीन दगड काढले, गळणारा गाळसुद्धा माझ्या डब्यात ओतला. "अंकल ने बोला था, ये कचरा फेंकना मत, कभी काम आएगा. मैंने सोचा, बुढ़ापे में बोलते रहते हैं. ले जाओ दीदी. और देखो, पत्थर वापस करना. मेरे वाले इसी पे सोते हैं."

ती घाण मी तिसऱ्या मजल्यापर्यंत दोन्ही हातांनी धरून नेली. आयुष्यात इतक्या जपून मी गुणपत्रिकाही नेली नव्हती.

*

पुढचे दिवस मी टिपणं लिहिली. सकाळी आणि संध्याकाळी. पाणी: दुधाळ. पाणी: दुधाळ. पाव टाकी बदलली. दगड जागेवर. बडे बाबू वर. तिसऱ्या दिवशी: बडे बाबू मधे. चौथ्या दिवशी सोमवार होता. काका आले, बॅग ठेवली, पेटीसमोर स्टूल ओढून बसले आणि एकेक मासा मोजला. मग पाव टाकी पाणी बदलायची वेळ झाली तेव्हा नळी माझ्याच हातात दिली.

पाचव्या दिवशी बडे बाबू तळाला गेले आणि वाळू हुंगायला लागले. काकांनी घड्याळ पाहून वेळ सांगितली, ती मी लिहिली. अकराव्या दिवशी पाण्यातून भिंत दिसली. दगड मी खाली नेऊन परत केले. प्रेसवालीने ते उलटसुलट करून पाहिले आणि पुन्हा जागेवर ठेवले.

त्या संध्याकाळी काकांनी फाइल घेतली, चष्मा लावला आणि माझी सगळी टिपणं वाचली. निळा पेन उघडला, काहीतरी लिहिलं, मला न दाखवता फाइल बांधून कपाटात ठेवली. "टिपण चांगलं आहे," एवढंच म्हणाले. "विशेषणं नाहीत, ते बरं झालं."

दोन दिवसांनी काकू भाजी निवडताना म्हणाल्या, "भाचीला सांगितलं, तू वसतिगृह बघ म्हणून." कारण त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

यातून मी मोठा धडा घेतला असं लिहिलं तर वाचायला बरं वाटेल. मी फक्त लावलेल्या तीन क्लासांपैकी एक बंद केला आणि चौदा दिवस थांबले. मग वेळापत्रक दर सोमवारी नव्याने करणं बंद केलं आणि चौदा दिवस थांबले. नोव्हेंबरात दिल्लीवर धुरकं उतरलं, सूर्य दिसेनासा झाला, आणि काकांनी टिपणात नोंदवलं की शेवाळाची वाढ मंदावली आहे. त्या धुरात कुणाचा फायदा झाल्याची माझ्या माहितीतली ही एकमेव नोंद. मागची काच हिवाळा संपता संपता पुन्हा हिरवी झाली. काका रोज तिच्याकडे बघत, आजारातून उठून पहिल्यांदा जेवायला बसलेल्या घरच्या माणसाकडे बघावं तसं.

मोठ्या साहेबांची परीक्षा मला जमली नाही. दुसरी एक जमली, जिच्या यशस्वी उमेदवारांचे फोटो भिंतीवर लावत नाहीत. हिंगोलीत बाबांच्या शाळेने बॅनर लावला, पण मध्यम आकाराचा. आता मी एका केंद्रीय कार्यालयात टिपणं लिहिते. कुणी घाईने एकदम पाच सुधारणा सुचवल्या, की मी त्यांचे पाच कागद करते आणि पहिला वर ठेवते. माझ्या पाठीमागे मला संथ म्हणतात, हे मला माहीत आहे.

*

गेल्या वर्षी मला आर. के. पुरमला क्वार्टर मिळालं, आणि त्याच महिन्यात काका-काकूंचं नागपूरला लेकीजवळ राहायला जायचं ठरलं. एका रविवारी सकाळी ते दोघं ऑटोने आले. मांडीवर पाव भरलेली पेटी. काकूंच्या हातात झाकणाचा स्टीलचा डबा. डब्यात बडे बाबू आणि कंपनी.

"भेट म्हणून देत नाही," काका दारातच म्हणाले. "कार्यभार सोपवतोय. फरक आहे."

"तिला आधी पाणी तर विचारू दे आपल्याला," काकू म्हणाल्या.

पेटी खिडकीपासून चार फुटांवर ठेवली. जागा मी आधीच मोजून ठेवली होती. काकांनी ते पाहिलं आणि मान डोलावली. त्यांनी कार्यभाराचा कागद दोन प्रतींत करून आणला होता. पेटी, दोन फुटी, एक. पंप, एक, आवाजासह. मासे, नऊ, मोजताना हलत होते. बडे बाबू, एक. मनी प्लांट, काकूंच्या मालकीचा, तूर्त वापरासाठी. मागच्या काचेवरील शेवाळ, चालू स्थितीत. मी दोन्ही प्रतींवर सही केली. काकांनी एक घडी करून खिशात घातली, शर्टाच्या, डाव्या. मग हात पाठीमागे बांधून पेटीसमोर उभे राहिले.

"बडे बाबू," ते म्हणाले, "नवीन मॅडम आहेत. सहकार्य करा."

ते गेल्यावर मी फाइल उघडली. कार्यभाराच्या कागदावर तिची नोंद नव्हती, पण ती पेटीखाली ठेवलेली होती. पानं उलटत मी त्या ऑक्टोबरपर्यंत आले. माझं अक्षर, घाबरलेलं, उजवीकडे उतरत जाणारं. त्याच्याखाली निळ्या शाईत काकांचं टिपण:

'वाचले. चूक एका दिवसाची, दुरुस्ती अकरा दिवसांची. प्रमाण योग्य आहे. दोन गप्पी कमी झाले, त्याची खंत टिपणात नाही पण हस्ताक्षरात आहे. कर्मचारी ठेवावा.'

खाली दुसऱ्या दिवसाची तारीख आणि हिरव्या शाईत एकच शब्द: 'सहमत.'

आणि त्याच्याही खाली, काकूंच्या गोल अक्षरात: 'सहमत. मात्र पुन्हा असे करायचे झाल्यास माझ्या बादल्या घेऊ नयेत.'

 बाहेर क्वार्टरच्या मैदानात कुणाची तरी क्रिकेटची मॅच चालू होती. पेटीतलं पाणी प्रवासाने थोडं गढूळ होतं. त्याला हात लावायचा नव्हता.

मग मी नवीन पान घेतलं. प्रस्तावाच्या दिवशी हिरवी शाई वापरायचा मला अधिकार नाही, म्हणून निळ्या पेनाने तारीख घातली आणि लिहिलं: 'पेटी नव्या जागी. बडे बाबू तळाला, हजर. मागची काच पुसलेली नाही. तशीच ठेवावी, असा प्रस्ताव.'

मंजुरी उद्या. चहा झाल्यावर.